स्विफ्ट ४० एमएम खाली केली, तीन वेळा अलाईनमेंट झालं, तरी टायर आतून का खातेय

तुम्ही लिहिलंय त्याचा सार आधी मांडतो, म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. २०१९ ची पेट्रोल स्विफ्ट, लोअरिंग स्प्रिंग टाकून पुढून ४० आणि मागून २५ एमएम खाली आली. स्प्रिंग बसवल्या त्याच दिवशी अलाईनमेंट, मग महिन्याने दुसरीकडे, मग अजून तिसरीकडे. तिन्ही वेळा मशीनच्या प्रिंटवर सगळं हिरवं, म्हणजे रेंजमध्ये. तरी सहा हजार किमीत पुढचे दोन्ही टायर आतल्या कडेने साफ, स्टिअरिंग सरळ रस्त्यावर जरा डावीकडे वाकडं. कॅम्बरचे, म्हणजे समोरून बघितलं तर चाक वरून किती आत-बाहेर झुकलंय त्याचे आकडे दिलेत (उणे म्हणजे आत), डावा उणे १ अंश २० मिनिटं आणि उजवा उणे ० अंश ५५ मिनिटं. एक जण म्हणतो कॅम्बर प्लेट बसवा, दुसरा म्हणतो स्विफ्टला कॅम्बर ॲडजस्ट होतच नाही. रोज कासारवडवली ते ऐरोली.

वागळे इस्टेटला माझं सस्पेन्शन आणि अलाईनमेंटचं काम आहे, १९ वर्षं झाली, खाली केलेल्या गाड्या दर आठवड्याला येतात आणि दहातल्या सात-आठ जणांचा प्रश्न शब्दशः हाच असतो. तर माझं मत सरळ सांगतो. तुमचा प्रॉब्लेम कॅम्बरचा नाहीये. आतून घासला म्हणजे कॅम्बर, हे इतकं डोक्यात बसलंय की टो, म्हणजे वरून बघितलं तर चाकं पुढून आत बघतायत की बाहेर, ते कोणी बघतच नाही. तुम्ही स्वतः बघा ना, कॅम्बरचे आकडे मिनिटांपर्यंत दिलेत आणि टोचा एकही नाही. सव्वा अंश निगेटिव्ह कॅम्बरने सहा हजारात टायर संपत नाही हो, एवढा कॅम्बर घेऊन टायर व्यवस्थित चाळीस हजार गेलेल्या गाड्या मी बघितल्यात. टायर खातोय तो टो, आणि कॅम्बर फक्त ते खाणं आतल्या कडेवर गोळा करतोय.

आता हे गाडी न बघता बोलतोय, त्यामुळे काही गोष्टी परिस्थितीवर आहेत हे मान्य. स्प्रिंग नीट कंपनीच्या आहेत की ओरिजिनल कापल्यात, शॉकअप जुनेच आहेत का, गाडी आधी कुठे ठोकली होती का, यावर उत्तर बदलू शकतं. स्प्रिंग कापलेली असेल तर पुढचं सगळं वाचू नका, आधी ती काढून टाका. कापलेली स्प्रिंग चाक पूर्ण लोंबलं की सीटमधून सुटते, आणि अशा गाडीला अलाईनमेंट करून देण्यात काही अर्थ नसतो.

आधी एक फुकटची टेस्ट. टायर थंड असताना तळहात ट्रेडवरून आडवा फिरवा, बाहेरून आत, मग आतून बाहेर. एका बाजूने गुळगुळीत आणि उलट फिरवलं की करवतीसारखे दात हाताला लागत असतील तर तो टो आहे. नुसत्या कॅम्बरने घासलेला टायर तिरका घासतो पण हाताला सपाट लागतो, दात नसतात. तुमचा आतून घासलाय आणि वर दात लागले, तर चाकं पुढून बाहेर उघडलीत, म्हणजे टो आउट. टो इन असता तर बाहेरची कड आधी गेली असती.

टो किती खातो याचा हिशेब करून दाखवतो म्हणजे पटेल. तुमचा टायर १८५/६५ आर १५, व्यास साधारण ६२ सेमी. प्रत्येक चाक फक्त १० मिनिटं वाकडं, म्हणजे अंशाचा सहावा भाग, टायरच्या पुढच्या आणि मागच्या कडेत दोन एमएमचाही फरक नाही, डोळ्याला दिसणारच नाही. पण एवढ्यावर चाक दर किलोमीटरला जवळजवळ ३ मीटर आडवं घासतं. सहा हजार किमीला साडेसतरा किलोमीटर. ठाण्याहून वाशीपर्यंत गाडी आडवी फरफटत नेल्यासारखं झालं. रबर थोडं वाकतं, त्यामुळे हिशेब इतका सरळ नाही, पण अंदाज यावा म्हणून सांगितलं.

मग प्रश्न येतो की तीन वेळा हिरवं आलं तर टो बिघडला कसा. इथे खरी मजा आहे.

गाडी खाली आली की स्टिअरिंगचा रॅक, म्हणजे स्टिअरिंग फिरवलं की डावी-उजवी सरकणारी दांडी, बॉडीबरोबर खाली येतो, चाक मात्र जमिनीवर तिथेच असतं. म्हणजे टायरॉडचं (रॅकला चाकाशी जोडणाऱ्या रॉडचं) बाहेरचं टोक रॅकच्या मानाने वर गेलं. चाकाला खालून बॉडीशी जोडणाऱ्या लोअर आर्मचंही तसंच, पण दोघांची लांबी आणि कोन सारखे नसतात, त्यामुळे वर जाताना दोघं वेगवेगळ्या कमानीत फिरतात आणि टायरॉड नकलला, म्हणजे ज्यावर चाक बसतं त्या भागाला, ढकलतो किंवा खेचतो. कुठल्या बाजूला, ते रॅक ॲक्सलच्या पुढे आहे की मागे आणि कोन कसे आहेत त्यावर. एवढं लक्षात ठेवा की खाली केलेल्या गाडीत उंची ५-७ एमएम जरी बदलली तरी टो हलतो, कारण टायरॉड आता आडवा राहिला नाही, तिरका झालाय. ओरिजिनल उंचीवर हाच फरक किरकोळ असतो.

आणि तुमची उंची तीन महिन्यांत नक्की बदललीये. एक तर नवीन स्प्रिंग पहिल्या ४००-५०० किमीत बसतात. ज्या दिवशी बसवल्या त्या दिवशी केलेलं अलाईनमेंट म्हणजे घरी येण्यापुरतं, ते पक्कं धरायचं नाही. पण त्याहून मोठं कारण, जे जवळपास कोणीच करत नाही, ते म्हणजे लोअर आर्मचे बुश.

हे जरा नीट सांगतो. लोअर आर्मच्या ज्या बुशमधून बोल्ट आडवा जातो, त्यात मधे लोखंडी नळी आणि भोवती रबर असतं, आणि रबर नळीला चिकटवलेलं असतं. बोल्ट टाइट केला की नळी ब्रॅकेटमध्ये घट्ट आवळली जाते, ती फिरत नाही. आर्म वरखाली होताना फक्त रबर पिळतं. म्हणून कंपनी तो बोल्ट गाडी चाकांवर उभी असताना शेवटचा टाइट करते, म्हणजे नेहमीच्या उंचीला रबर मोकळं राहावं. आता तुमच्या गाडीचं काय झालं असणार? स्प्रिंग बदलताना आर्मच्या बोल्टला कोणी हात लावला नाही, कारण स्ट्रट (स्प्रिंग आणि शॉकअपचा एकत्र खांब) काढायला तो सोडावा लागत नाही. बुश जुन्या उंचीला आवळलेला, आणि आर्म ४० एमएम वर. फुटापेक्षा थोडा लांब आर्म, म्हणजे सहा-सात अंश पीळ, तोही कायमचा, गाडी पार्किंगमध्ये उभी असतानासुद्धा. पिळलेलं रबर गाडीला किंचित वर उचलून धरतं, मग खड्ड्यात आपटून आपटून सैल पडतं, फाटायला लागतं, गाडी अजून खाली बसते आणि टो गेला. तीन वेळा केलेलं अलाईनमेंट त्या त्या दिवशी बरोबरच असेल हो, मी मशीनवाल्याला खोटं म्हणत नाहीये, पण पुढच्या आठवड्यात गाडी वेगळ्या उंचीवर उभी होती.

मागच्या पावसाळ्याआधी कोपरखैरण्याची एक गाडी अशीच आली होती, एक मुलगा आणि त्याचे वडील. वडील सारखं म्हणत होते की ह्याला सांगितलं होतं ओरिजिनल राहू दे म्हणून. गाडी रॅम्पवर घेऊन आम्ही फक्त आर्मचा पुढचा बोल्ट सैल केला, चाकं रॅम्पवरच, जॅक नाही काही नाही. खटकन आवाज आला आणि फेंडर आणि टायरमधली फट डोळ्यांदेखत कमी झाली. टेपने मोजलं, डावीकडे ६ एमएम आणि उजवीकडे ४. तेवढ्यात मशीनच्या स्क्रीनवर टो हिरव्यातून लाल. वडील गप्पच झाले. बोल्ट त्याच उंचीला परत टाइट केले, टो सेट केला, डावा बुश फाटायला आला होता तो पंधरा दिवसांनी येऊन बदलून गेले.

तेव्हा तुमचा क्रम असा ठेवा. आधी जॅक लावून प्ले, म्हणजे सैलपणा बघा, चाक ३ आणि ९ वर धरून हलवलं की टायरॉड एंड आणि रॅक एंड कळतो, १२ आणि ६ वर धरून बॉल जॉइंट आणि बेअरिंग. वर स्ट्रट माउंटिंगवर हात ठेवून दुसऱ्याला स्टिअरिंग फिरवायला सांगा, करकर लागली तर बेअरिंग गेलंय. मग गाडी चाकांवर उभी करून पुढच्या आर्मचे आणि मागच्या ॲक्सलचे पिव्हट बोल्ट सैल करायचे, बंपर दाबून गाडी चार-पाचदा हलवायची, ढकलून पुढे-मागे करायची आणि मग टॉर्क रेंचने टाइट. हे सगळं झाल्यावर मशीन. अलाईनमेंट हे सस्पेन्शनच्या कामातलं शेवटचं काम आहे, आपल्याकडे ते पहिलं करतात आणि मग मशीनला शिव्या घालतात.

मशीनवर गेल्यावर मागच्या चाकांपासून सुरुवात करायला सांगा. स्विफ्टला मागे टॉर्शन बीम, म्हणजे दोन्ही चाकं जोडणारी एकच आडवी तुळई आहे, त्यात ॲडजस्टमेंट नसते, म्हणून लोक मागच्या चाकांना मशीनचे क्लॅम्प लावायचाच कंटाळा करतात. पण ते आकडे बघायलाच हवेत. बीम असलेली गाडी दोन्ही बाजूने सारखी खाली केली तर मागचा कॅम्बर-टो फारसा बदलत नाही. त्यामुळे तिथे एका चाकाचा आकडा विचित्र असेल तर दोष लोअरिंगचा नाही, कुठल्यातरी खड्ड्यात बीम किंवा स्टब (ज्यावर चाकाचा हब बसतो तो दांडा) वाकलाय. विटाव्याच्या रेल्वे पुलाखालून पावसात रोज जाणाऱ्यांचं हे कॉमन आहे, पाण्यात खड्डा दिसत नाही. मागचा ॲक्सल किंचित एका बाजूला बघत असेल तर गाडी सरळ चालताना स्टिअरिंग वाकडं राहतं, तुमचं डावीकडे का आहे याचं एक उत्तर तिथे असू शकतं. फार असेल तर हबमागे शिम, म्हणजे पातळ पट्टी टाकून काढता येतं. सिव्हिकसारखी मागे मल्टिलिंक, म्हणजे प्रत्येक चाकाला वेगळे आर्म असलेली गाडी असती तर गोष्ट वेगळी, तिथे खाली केल्यावर मागचा टो आणि कॅम्बर दोन्ही जातात आणि मागचे टायर आधी खाते.

'हिरवं आहे' या शब्दावर विश्वास ठेवू नका, आकडा मागा, आधीचा आणि नंतरचा दोन्ही. हिरवा म्हणजे एक रेंज असते आणि ती ओरिजिनल उंचीच्या गाडीची असते. दोन्ही चाकं हिरव्यात पण एक या टोकाला आणि एक त्या टोकाला असं सर्रास असतं. मी रस्त्यावरच्या खाली केलेल्या हॅचबॅकला पुढे एकूण टो शून्य ते ५ मिनिटं इन ठेवतो, दोन्ही चाकांना सारखा वाटून. डाव्या-उजव्या कॅम्बरमधला फरक ३० मिनिटांच्या आत असला की मी सोडून देतो, तुमचा २५ आहे. शक्य असेल तर ड्रायव्हर सीटवर माणूस बसवून आकडे घ्या, तुम्ही रोज एकटे जाता तर तीच गाडीची खरी उंची. आणि हो, अलॉयच्या कडेवर क्लॅम्प नीट बसलाय का आणि गाडी पुढे-मागे ढकलून रनआउट, म्हणजे रिम किंवा क्लॅम्प किंचित वाकडा असल्याची चूक काढलीय का हे उभं राहून बघा, लाजायचं काय त्यात.

स्टिअरिंग सरळ करण्यावरून एक कडू अनुभव. माझ्या स्वतःच्या जुन्या गाडीचं मी बाहेरगावी असताना एका ठिकाणी अलाईनमेंट केलं, त्या माणसाने स्टिअरिंग व्हील काढून एक दात फिरवून परत बसवलं. दिसायला सरळ. घरी येऊन बघतो तर डावीकडे यू टर्न लहान आणि उजवीकडे मोठा, कारण रॅक मधोमध राहिलाच नव्हता. स्टिअरिंग सरळ होतं ते टायरॉडने, एक बाजू जेवढी आत तेवढी दुसरी बाहेर. टायरॉड लॉक करणारा चेकनट सैल करून दोन्ही बाजूचे उघडे आटे मोजायला सांगा, चार-पाच आट्यांचा फरक असेल तर कोणीतरी एकाच बाजूने खेळलंय. आणि रॉड फिरवताना रॅकचा रबरी बूट त्याच्याबरोबर पिळतो, क्लिप सोडून बूट मोकळा केला नाही तर दोन महिन्यांत फाटतो, आत चिखल, मग रॅकचाच खर्च.

आता कॅम्बर. 'होतच नाही' हे पूर्ण खरं नाही. स्विफ्टमध्ये स्ट्रट नकलला दोन बोल्टनी धरलेला असतो. ते सैल करून नकल बाहेर ओढून धरून टाइट केलं तरी भोकातल्या फटीपुरता थोडा फरक मिळतो. जास्त हवा असेल तर त्यातला एक काढून कॅम्बर बोल्ट येतो, त्याच्या मधल्या भागाला एका बाजूला फुगवटा असतो, फिरवला की नकल आत-बाहेर होतो. मात्र तो ओरिजिनलपेक्षा बारीक असतो, त्यामुळे टॉर्कला टाइट केला नाही तर खड्ड्यात सरकतो आणि मग कॅम्बर रोज नवा. पोलोसारख्या गाडीत स्ट्रट नकलमध्ये वरून घुसतो, तिथे ही सोय नाही. कॅम्बर प्लेट हा ट्रॅकवाल्यांचा प्रकार, वरची रबरी माउंटिंग जाऊन लोखंड येतं, घोडबंदरला मेट्रोच्या कामाच्या बाजूने जाताना प्रत्येक खडा केबिनमध्ये ऐकू येईल. तुमच्या आकड्यांना दोन्हीची गरज नाही. बुश मोकळे केल्यावर कॅम्बर दोन अंशांच्या पुढे गेला किंवा फरक अर्ध्या अंशाच्या वर गेला तर बोल्ट टाका. पण कॅम्बर आधी आणि टो नंतर, कारण कॅम्बर हलवला की टो हलतोच, उलटं केलं तर परत पैसे.

कॅस्टर, म्हणजे बाजूने बघितलं तर स्ट्रट मागे झुकल्याचा कोन, तुमचा थोडा कमी झालाय कारण पुढून १५ एमएम जास्त खाली गेलीये. स्विफ्टचा व्हीलबेस २४५० एमएम, म्हणजे अंदाजे २० मिनिटं गेली. वळणानंतर स्टिअरिंग आधीसारखं झटकन परत येत नाही असं वाटत असेल तर ते हे. चालण्यासारखं आहे.

एक गोष्ट मात्र कुठल्याही मशीनवर निघत नाही. खड्ड्यात चाक वर गेलं की टो तेवढ्यापुरता बदलतो आणि स्टिअरिंग हातात झटका देतं, हे ४० एमएमला राहणारच, कारण मशीन उभ्या गाडीचं मोजतं. आणि मॅकफर्सन स्ट्रटची गाडी खाली केली की रोल सेंटर (वळणात बॉडी ज्या बिंदूभोवती झुकते तो) गाडीच्या वजनाच्या मध्यापेक्षा जास्त खाली जातो, म्हणजे कडक स्प्रिंग नसेल तर गाडी वळणात उलट जास्त झुकायला बघते, लोकांना हे सांगितलं की पटत नाही. स्विफ्टचा ग्राउंड क्लिअरन्स कंपनीचा १६३ एमएम, त्यातून ४० गेले की राहिले १२३. इंडियन रोड्स काँग्रेसच्या हिशेबाने स्पीडब्रेकर १० सेमी उंच आणि ३.७ मीटर रुंद हवा, आता तुमच्या सोसायटीच्या गेटवरचा मोजा आणि मला कळवा. माझ्याकडे कोणी विचारलं तर ठाण्यात २५, फार तर ३० च्या पुढे मी नाही म्हणतो. इन्शुरन्सवाले आणि आरटीओ हा वेगळा विषय, मोटार वाहन कायद्याचं गाडीत बदल करण्याबद्दलचं कलम ५२ एकदा वाचून घ्या.

काम झालं की सकाळी सहाच्या सुमारास पाम बीचला जा, वाशीहून बेलापूरच्या दिशेने, टायरमध्ये हवा सारखी भरून. डाव्या लेनमध्ये गाडी किंचित डावीकडे जाईल, रस्त्याला पाण्यासाठी उतार असतो, तो दोष समजू नका. डिव्हायडरजवळच्या लेनमध्येही डावीकडेच खेचत असेल तर पुढचे टायर डावे-उजवे अदलाबदल करून बघा, एकाच दिशेने फिरवायचे टायर नसतील तर. खेच बाजू बदलली तर टायर, नाही बदलली तर कॅम्बर-कॅस्टरचा फरक किंवा चिकटणारा ब्रेक. मग ५०० किमीनंतर परत एकदा फक्त टो चेक, आणि दर पाच हजाराला पुढचे टायर मागे.

नवीन टायर मात्र आत्ता घेऊ नका. याच घासलेल्या टायरवर बुश आणि टो करून घ्या, हजार किमी चालवा आणि तळहात परत फिरवून बघा, दात बोथट व्हायला लागले की मग घ्या. आणि जुन्या तिन्ही प्रिंट असतील तर त्यातले टोचे आधीचे आकडे इथे टाका, सोबत गाडी उभी असताना खालून काढलेला लोअर आर्मचा एक फोटो, बाहेरचं टोक वर गेलंय का ते दिसेल असा. कॅम्बर बोल्टचं त्यानंतर ठरवू.